बडोद्याची राणी, पुण्याची परिषद आणि आमचे नेरे

१९२७ च्या जानेवारीत, ५ तारखेपासून ८ तारखेपर्यंत, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात बायकांची परिषद भरली होती. देशभरातून अठ्ठावन्न प्रतिनिधी आल्या होत्या आणि ऐकायला दोन हजारांच्या आसपास माणसे होती. विषय एकच होता: मुलींचे शिक्षण. अध्यक्षस्थानी होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. तेव्हा त्यांनी पंचावन्नी गाठली होती. अखिल भारतीय महिला परिषद या नावाने पुढे जी संस्था देशभर वाढली, तिची ही पहिली बैठक आणि चिमणाबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा.

मी मुळशी तालुक्यातल्या नेऱ्याची. मुळशी-मावळातल्या प्राथमिक शाळांत शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. आता हिंजवडी आमच्या दारापर्यंत आली आहे. मारुंजीच्या रस्त्याला सकाळी बसगाड्यांची रांग लागते आणि उसाच्या, भाताच्या वावरांत बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. पुण्याचे शिवाजीनगर गाठायला दोन बस बदलल्या की झाले. पण माझी आजी बोलायची तेव्हा पुणे फार लांब असायचे. फर्ग्युसनच्या त्या सभागृहात मुलींना सक्तीचे शिक्षण द्या असा ठराव झाला, त्या दिवशी आजी दहा-अकरा वर्षांची असेल. तिच्या हातात पाटी कधी आली नाही. चिमणाबाईंविषयी मी वाचायला लागले ते याच कारणाने. एवढ्या जवळ बोलले गेलेले आमच्यापर्यंत यायला एवढा वेळ का लागला, हे मला समजून घ्यायचे होते.

बडोद्याचे गायकवाड आम्हा मावळच्या लोकांना परके नाहीत. हे घराणे मूळचे खेड तालुक्यातल्या दावडीचे. दमाजी गायकवाड सेनापती खंडेराव दाभाड्यांच्या पदरी होते आणि दाभाड्यांचे तळेगाव आमच्या नेऱ्याच्या उत्तरेला, मोटारसायकलवर अर्ध्या-पाऊण तासावर. १७२० च्या बाळापूरच्या लढाईत दमाजींनी पराक्रम केला, त्यांना शमशेर बहादूर हा किताब मिळाला आणि त्यांचे पुतणे पिलाजीराव यांनी सोनगडाच्या आधाराने गुजरातेत पाय रोवले. पुढे राज्य बडोद्याला वाढले, तरी घरात मराठी राहिली आणि सोयरीक मराठ्यांतच होत राहिली.

या घराण्यातल्या आणखी एका राणीचे नाव इथे घेतले पाहिजे, कारण तिच्याशिवाय चिमणाबाईंची गोष्ट सुरूच होत नाही. बडोद्याचे खंडेराव महाराज गायकवाड १८७० मध्ये वारले. त्यांच्या पत्नी जमनाबाई तेव्हा गरोदर होत्या. गादीवर आलेले दीर मल्हारराव यांच्यापासून जिवाला धोका आहे असे त्यांना वाटत होते. १८७१ मध्ये त्यांना मुलगी झाली. मुलगी असल्यामुळे गादीचा वारस ठरला नाही आणि जमनाबाई पुण्यात येऊन राहिल्या. मल्हाररावांना इंग्रजांनी १८७५ मध्ये पदच्युत केले, तेव्हा जमनाबाईंना बडोद्याला परत बोलावून दत्तक घेण्याचा अधिकार दिला गेला. त्यांनी निवडलेला मुलगा होता नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ. शेतकऱ्याचा पोर, तोवर अक्षरओळखही नसलेला. तोच पुढे सयाजीराव महाराज झाला. शेतातून आलेल्या या मुलाने राज्यात शिक्षण सक्तीचे केले, हे मी माझ्या वर्गात दर वर्षी सांगायची. पोरे डोळे मोठे करून ऐकायची.

सयाजीरावांचे पहिले लग्न १८८० मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झाले. सासरी त्यांचे नाव चिमणाबाई ठेवले गेले. त्या संगीत जाणणाऱ्या होत्या आणि त्यांच्याबरोबर तंजावरहून नाचगाण्याचा ताफाही बडोद्याला आला होता. पण क्षयाने १८८५ च्या मे महिन्यात त्या गेल्या, मागे लहानगा फत्तेसिंग ठेवून. बडोद्यातल्या टॉवरला आणि न्यायमंदिराला नाव आहे ते या पहिल्या चिमणाबाईंचे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराजांचे दुसरे लग्न झाले. मुलगी देवासची, सरदार घाटग्यांच्या घरातली गजराबाई. वय तेरा-चौदा. सासरी आली तर तिलाही चिमणाबाईच म्हटले गेले. गेलेल्या सवतीचे नाव, गेलेल्या सवतीचे मूल आणि बाविशीचा दुःखात बुडालेला नवरा, हे सगळे त्या पोरीच्या ओटीत एकदम आले. इतिहासाची पुस्तके यावरून पटकन पुढे जातात. मी बाई म्हणून तिथे थोडी थांबते, कारण आमच्याकडे बिजवरावर दिलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत. पहिलीचे भांडेकुंडे वापरायचे, पहिलीच्या नावाने हाक आली तर ओ द्यायची, आणि आपण कोण हे सावकाश शोधायचे.

चिमणाबाईंनी ते शोधले आणि त्यात महाराजांचा मोठा हात होता, हे कबूल केले पाहिजे. सयाजीराव स्वतः उशिरा शिकलेले. शिकणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. राणीसाठी त्यांनी शिक्षक ठेवले. मराठी, गुजराती, इंग्रजी, वाचन, हिशेब असे सगळे सुरू झाले. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८७ मध्ये, ती महाराजांबरोबर युरोपला गेली. समुद्र ओलांडला की बाटला, असे म्हणणारे लोक तेव्हा भरपूर होते. मराठा राजघराण्यातली बाई तर गोषातली. देवळात जायचे तरी मेण्याला पडदे. परदेशात ती मोकळी हिंडायची, लोकांशी बोलायची आणि बडोद्याला परतली की पुन्हा चिकाच्या पडद्याआड. ही दुहेरी वागणूक पंचवीसेक वर्षे चालली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी बडोद्यातही गोषा सोडला आणि महाराजांच्या शेजारी सर्वांसमोर बसल्या.

पंचवीस वर्षे फार झाली, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. राणी ही राजाची पत्नी. तिला स्वतःचे पद नाही, दप्तर नाही, सही-शिक्का नाही. कायदा करायचा तो महाराजांनी, खजिन्याच्या चाव्या दिवाणाकडे. तिच्याकडे होते ते फक्त जवळ असणे. त्या जवळिकीचा उपयोग दागिन्यांसाठी करता येतो, माहेरच्या माणसांना जागा मिळवून देण्यासाठी करता येतो आणि बडोद्यासारखे राज्य हलवण्यासाठीही करता येतो. चिमणाबाईंनी तिसरे केले, आणि आपला लोकाचार एका झटक्यात तोडून आपण एकट्या पुढे जाऊन उपयोग नाही, हे त्यांना कळत होते. बडोद्यात विधवाविवाहाचा कायदा १९०१ मध्ये आणि बालविवाह रोखणारा कायदा १९०४ मध्ये झाला. मुलीसाठी बारा आणि मुलासाठी सोळा अशी वयाची मर्यादा होती. आज ती वाचून अंगावर काटा येतो, पण ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा लग्नाच्या वयाला सरसकट लागू अशी मर्यादा नव्हती.

सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे शाळा. १८९३ मध्ये अमरेली भागातल्या मोजक्या गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये ती सक्ती सगळ्या राज्यात लागू झाली. मुलगे सात ते बारा वर्षांचे, मुली सात ते दहा. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड होत असे. शिक्षिका म्हणून मला त्या दंडाचे मोल समजते. भातलावणी आली की माझ्या वर्गातल्या मुली आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस दिसायच्या नाहीत. घरी गेले की आई म्हणायची, "बाई, लावणी उरकली की धाडते पोरीला." सावडीने लावणी चालायची. आज ह्यांच्या वावरात, उद्या त्यांच्या. घरातल्या धाकट्याला सांभाळायला मुलगी हवीच. प्रेमाने सांगून मुली येत नाहीत असे नाही, येतात. पण ज्यांचे पोट त्या दिवसाच्या मजुरीवर असते त्यांना प्रेमाने सांगणे पुरत नाही. बडोद्याने हे जाणले होते आणि म्हणून सक्तीतून मुलगी वगळली नव्हती.

वगळणे म्हणजे काय, ते पुण्यात दिसले. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनचेच प्राध्यापक होते. त्यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. विधेयकात पहिली सक्ती मुलांसाठी होती, मुलींचा नंबर नंतर. तेही १९१२ मध्ये फेटाळले गेले. पुढे पुणे नगरपालिकेत शिक्षण सक्तीचे करायची वेळ आली, तेव्हा ते मुलांनाच द्यावे की मुलींनाही, यावरून शहरात रण माजले. पैसा अपुरा आहे, आधी मुलगे शिकू देत, असे म्हणणाऱ्यांत मोठमोठी नावे होती. रमाबाई रानड्यांनी बायकांना घेऊन रस्त्यावर मोर्चा काढला. तो १९२० च्या आसपासचा काळ. सहा-सात वर्षांनी त्याच गावात बडोद्याची राणी अध्यक्ष म्हणून बसली, ती अशा राज्यातून आली होती जिथे मुलींची सक्ती दोन दशके चालू होती. दुसऱ्या कुणा राणीला बोलावले असते तर परिषदेला शोभा आली असती. चिमणाबाईंना बोलावल्यामुळे परिषदेला पुरावा मिळाला.

त्यांच्या पुस्तकाविषयी मला विशेष आस्था आहे. 'द पोझिशन ऑफ वुमेन इन इंडियन लाइफ' हे इंग्रजी पुस्तक १९११ मध्ये लंडनला छापले गेले. सहलेखक एस. एम. मित्रा. महाराणीच्या नावाचे पुस्तक म्हटले की उपदेश आणि सुविचार असतील अशी कल्पना होते. तसे ते नाही. चिमणाबाईंनी १९०६ मध्ये अमेरिका पाहिली होती, १९१० मध्ये जपान आणि पुन्हा अमेरिका. तिथे बायका काय काय कामे करून पोट भरतात, हे त्यांनी लक्ष देऊन बघितले. पुस्तकात शेती आहे, घरी बसून करायचे उद्योग आहेत, वैद्यकी आणि शुश्रूषा आहे, बायकांनी एकत्र येऊन सहकाराने काम कसे करावे हे आहे. हिंदुस्थानातल्या बाईला यातले काय करता येईल, हा सगळ्या पुस्तकाचा प्रश्न. रत्नजडित दागिने अंगावर असलेली बाई इतर बायकांच्या मिळकतीचा विचार करत होती. मला हे महत्त्वाचे वाटते, कारण त्या काळच्या बहुतेक सुधारकांची नजर बाईच्या अब्रूवर, लग्नाच्या वयावर, केशवपनावर होती. ते प्रश्न खरेच जीवघेणे होते. पण विधवेला पुन्हा लग्न करता येईल असा कायदा करूनही ती उद्या सकाळी खाणार काय, हे विचारणारी माणसे कमी होती.

पुस्तकाला तीन वर्षे झाली आणि १९१४ मध्ये बडोद्यात चिमणाबाई स्त्री उद्योगालय सुरू झाले. शिवण, भरतकाम, घरगुती उद्योग शिकवायचे आणि शिकलेल्या कामातून बाईला चार पैसे मिळवून द्यायचे. ही संस्था शंभर वर्षे ओलांडून आजही चालू आहे. आमच्या भागात बचत गट आले ते अगदी अलीकडे. नेऱ्यातल्या, कासारसाईतल्या, जांब्यातल्या बायका पापड-कुरडया करू लागल्या, इंद्रायणी तांदळाच्या पिशव्या भरून विकू लागल्या, शिवणयंत्रावर ब्लाऊज शिवू लागल्या, तेव्हा घरात त्यांचा आवाज कसा बदलतो हे मी जवळून पाहिले. पोरीच्या शाळेच्या फीचा प्रश्न आला की आधी त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या. गटाचे पैसे हातात आल्यावर बघेनाशा झाल्या.

आता या राणीच्या आयुष्यातला एक कठीण भाग. त्याच १९११ सालात, ज्यात स्त्रियांच्या स्थितीवरचे पुस्तक निघाले, राजकन्या इंदिराराजेंचे लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरले होते. इंदिराराजे शिकलेल्या, परदेश पाहिलेल्या, वय अठरा-एकोणीस. ग्वाल्हेरचे महाराज वयाने मोठे, त्यांची पहिली पत्नी हयात आणि घरात कडक गोषा. मराठा राजघराण्यांत याहून मोठी सोयरीक नव्हती. दिल्ली दरबाराच्या गडबडीत इंदिराराजेंची गाठ कुचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशी पडली. त्यांनी स्वतःच्या हाताने ग्वाल्हेरला पत्र लिहून लग्न मोडले. आई-बाप हादरले. मुलीने माघार घ्यावी म्हणून त्यांनी शक्य ते सारे केले. १९१३ मध्ये लंडनला हे लग्न झाले, तेव्हा आई आणि बाप दोघेही हजर नव्हते.

जी बाई दुसऱ्यांच्या मुलींसाठी पुस्तक लिहीत होती ती स्वतःच्या मुलीच्या निवडीला आड आली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मला यातून चिमणाबाईंचा दांभिकपणा दिसत नाही. दिसते ते हे, की बाईला शिकवले की ती काय करील ते शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही. इंदिराराजेंना शाळा दिली ती आईनेच, आणि पत्र लिहायचे बळ त्या शाळेतून आले. पुढे रागाची धार बोथट झाली. नवरा १९२२ मध्ये वारल्यावर इंदिराराजेंनी अल्पवयीन मुलाच्या वतीने कुचबिहारचा कारभार पाहिला. त्यांची मुलगी गायत्रीदेवी बडोद्याच्या आजोळी येत-जात राहिली, जयपूरची महाराणी झाली, १९४३ मध्ये तिने जयपुरात मुलींची शाळा काढली आणि १९६२ मध्ये लोकसभेवर निवडून गेली. आजीने चिकाच्या पडद्याआड सुरुवात केली होती आणि नातीने उघड्या जीपमधून मते मागितली.

परत पुण्याकडे येते. परिषद घडवून आणली ती मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंनी. बंगालच्या शिक्षण खात्याचे प्रमुख ओटन यांनी कलकत्त्याच्या बेथून कॉलेजच्या समारंभात बायकांना सांगितले होते की, तुम्हाला कसले शिक्षण हवे ते तुम्हीच एका सुरात सांगा. कझिन्सबाईंनी ते मनावर घेतले, १९२६ मध्ये ठिकठिकाणी पत्रे धाडली आणि गावोगावच्या सभांतून निवडलेल्या प्रतिनिधी पुण्याला आल्या. सांगलीच्या राणीसाहेबांसारख्या संस्थानी बायका होत्या, शिक्षिका होत्या, डॉक्टरणी होत्या. मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, बालविवाहाने मुलींचे शिक्षण खुंटते तेव्हा तो थांबवा, संमतिवय वाढवण्याच्या हरिसिंग गौर यांच्या विधेयकाला आमचा पाठिंबा आहे, असे ठराव झाले. मुलींच्या शिक्षणात मातृत्वाचे आदर्श आणि घर सुंदर ठेवणे यांना जागा हवी, असेही म्हटले गेले. हे शेवटचे मला खटकते. पण १९२१ च्या जनगणनेत शंभर बायकांमागे दोघींनाही धड वाचता येत नव्हते, अशा देशात बापांना मुलगी शाळेत धाडायला तयार करायचे होते. घर बिघडणार नाही एवढी हमी दिल्याशिवाय दार उघडत नव्हते.

या सभागृहात कोण नव्हते तेही सांगितले पाहिजे. आमचा मुळशी तालुका त्या वर्षांत सगळ्या देशाला ठाऊक झाला होता. टाटांच्या धरणासाठी मुळा नदीचे खोरे बुडणार होते, बावन्न गावांची जमीन जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या सुमारास, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट पुढारी. मावळ्यांबरोबर मावळणीही कामाच्या जागी जाऊन बसल्या, मार खाल्ला, तुरुंगात गेल्या. १९२४ पर्यंत लढा मोडला आणि पुढे पाणी अडले. नेरे तालुक्याच्या पूर्व टोकाला, म्हणून आमची वावरे वाचली. पण खोऱ्यातून उठून आलेली माणसे, कुणाच्या पडवीत राहिलेली, दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणारी, यांच्या गोष्टी आजीकडे पुष्कळ होत्या. फर्ग्युसनमध्ये स्त्रियांना उद्योग हवा असे बोलले जात होते तेव्हा या बायका पहाटेपासून राबतच होत्या. जात्यावर, वावरात, मोलमजुरीत. त्यांच्याकडे काम भरपूर होते. मजुरी मात्र त्यांच्या हातात पडत नव्हती आणि सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते. चिमणाबाईंच्या पुस्तकातला प्रश्न शहरातल्या, घरात कोंडलेल्या बाईचा होता. वावरातल्या बाईचा प्रश्न वेगळा होता आणि तो मांडायला पुण्यातल्या व्यासपीठावर तेव्हा कुणी नव्हते. याचा दोष एकट्या राणीवर टाकावा असे मला वाटत नाही, पण ही उणीव नोंदवली पाहिजे.

परिषदेचा परिणाम आमच्या घरापर्यंत आला तो उलट्या वाटेने. पुण्याच्या ठरावांनंतर बालविवाहाविरुद्ध देशभर रेटा वाढला आणि हरबिलास सारडांचा कायदा १९२९ मध्ये मंजूर झाला. मुलीचे वय चौदा, मुलाचे अठरा. अंमल १ एप्रिल १९३० पासून. मधल्या महिन्यांत देशभर लोकांनी घाईघाईने पोरांची लग्ने उरकली. माझ्या आजीचे लग्न त्याच धांदलीतले. ती सांगायची, "सरकार लगीन बंद करणार म्हणून बोंब उठली, अन् एकाच मांडवात आम्हा चौघींना उभं केलं." चौघींत धाकटी सात वर्षांची, तिला कडेवर घेतली होती. आजी नेऱ्याला नांदायला आली ती अशी. ज्या कायद्याने तिला वाचवायचे, त्याच्या भीतीने तिचे बालपण आणखी दोन वर्षे आधी संपले. पण तिच्या लेकीचे, म्हणजे माझ्या आत्याचे, लग्न सतराव्या वर्षी झाले आणि आत्या चौथी शिकलेली होती. कायदा असा एक पिढी उशिरा पोचतो. तरी पोचतो.

परिषद पुण्यात थांबली नाही. १९२८ चे अधिवेशन दिल्लीला झाले, अध्यक्षा भोपाळच्या बेगमसाहेबा. कमलादेवी चट्टोपाध्याय चिटणीस म्हणून राबल्या. शिक्षणासाठी निधी उभा राहिला आणि त्यातून १९३२ मध्ये दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज निघाले. राण्या आणि बेगमा हळूहळू मागे गेल्या, कामकाज शिकलेल्या मध्यमवर्गीय बायकांच्या हातात आले. पहिल्या वर्षी राणी पुढे नसती तर किती घरांनी आपल्या बायकांना पुण्याला पाठवले असते, हा मला पडणारा प्रश्न आहे. बडोद्याची महाराणी सभेत बसते, मग आपल्या सुनेने बसायला काय हरकत, असे म्हणायला सासऱ्यांना एक आधार मिळाला. घराण्याचे वजन असे दुसऱ्यांच्या कामी लावणे, ही राणीची खरी नोकरी होती असे मी मानते.

घरात मात्र त्यांच्या वाट्याला सुख थोडे आले. सावत्र मुलगा फत्तेसिंगराव १९०८ मध्ये गेला. स्वतःचे तिघे मुलगे, शिवाजीराव १९१९ मध्ये, जयसिंगराव १९२३ मध्ये आणि धैर्यशीलराव १९४० मध्ये, तिघेही आईच्या हयातीत गेले. पुण्याच्या परिषदेत अध्यक्षपद भूषवले तेव्हा जयसिंगरावांना जाऊन चार वर्षेही झाली नव्हती. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीराव महाराज वारले. त्रेपन्न वर्षांचा संसार. गादीवर नातू प्रतापसिंगराव बसले. १९४९ च्या मे महिन्यात बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, ज्या राज्यासाठी एक कवळाण्याचा पोर आणि एक देवासची पोर आणली गेली होती ते राज्य नकाशावरून गेले, आणि म्हातारी महाराणी ते पाहायला जिवंत होती. चिमणाबाई १९५८ मध्ये वारल्या. तोवर मुंबई राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा १९४७ चा कायदा लागू झाला होता, आणि मुळशीच्या खेड्यांतल्या शाळांत हजेरीपटावर मुलींची नावे मुलांच्या नावांखाली वेगळ्या रकान्यात लिहिली जात होती. मी शिकवायला लागले तेव्हाचे पट तसेच होते. आता एकच पट असतो, आडनावाच्या क्रमाने.